मॉरिशसच्या सणांत, बाजारांत आणि गाड्यांवर खायचे कसे: गणपतीच्या दिवसांत जाणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा: गणपतीच्या सुमारास आठ दिवस मॉरिशसला जायचे आहे. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आं-फ्लाकला. सोबत शाकाहारी आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी. नवरा-बायको मासे-चिकन खातात. रोज हॉटेलचा बुफे नको आहे. स्थानिक सणांत, बाजारांत, गाड्यांवर काय खावे, कुठे आणि किती वाजता, आणि आई-वडिलांचे कसे जमवावे?

सगळ्यात आधी वेळेचे सांगतो, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. मॉरिशसमध्ये रस्त्यावरचे खाणे घड्याळावर चालते. डोलपुरीच्या, म्हणजे डाळ भरलेल्या पातळ पोळीच्या, गाड्या सकाळी लागतात आणि चांगल्या गाडीचा माल दुपारी एक-दीडपर्यंत संपतो. डाळीचे वडे, म्हणजे गातो पिमां, सकाळी पावात घालून नाश्त्याला आणि पुन्हा दुपारी तीन ते पाच चहाबरोबर. उकडलेल्या चिनी गोळ्यांचे सूप, परतलेल्या शेवया, भाजलेले चिकन हे संध्याकाळचे. हॉटेलात निवांत उठून, पोहून, दोन वाजता राजधानी पोर्ट लुईला पोहोचणारे पाहुणे गाड्यांवरच्या रिकाम्या काचेच्या पेट्या पाहतात आणि शेवटी मॉलमधल्या फूडकोर्टात बसतात. त्यामुळे ज्या दिवशी बाहेर खायचे त्या दिवशी हॉटेलात फक्त चहा घ्या आणि साडेनऊपर्यंत बाहेर पडा.

ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर हा तिथला हिवाळा. किनाऱ्यावर हवा छान असते, पण क्युरपीप, वाकोआसारख्या मधल्या पठारावर गार वारा आणि भुरभुर पाऊस चालू असतो. आई-वडिलांसाठी स्वेटर आणि एक छत्री हातात ठेवा. सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि त्यानंतर गावे पटकन शांत होतात.

आता गणपतीचे. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, पण ती साधारणपणे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. कारण उघड आहे: कोकणातून, त्यातही रत्नागिरी भागातून, ऊस तोडायला गेलेल्या मराठी माणसांनी दीड दिवसाचा गणपती नेला, आणि विसर्जन दुसऱ्या दिवशी होते. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि सुट्टी ८ ला. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला चतुर्थी, २८ ला सुट्टी. तिकिटे काढताना हे दोन्ही दिवस हातात राहतील असे पाहा. चतुर्थीच्या संध्याकाळी उतरलात तर अर्धा सण संपलेला असेल, आणि ‘अनंत चतुर्दशीला तर आहोतच’ असा मुंबईचा हिशेब इथे चालत नाही.

बेटावरचा पहिला गणपती १८९६ साली हेन्रिएटा या गावी बसला असे तिथे सांगतात. हे गाव वाकोआजवळ, पठारावर आहे. तुमच्या मुक्कामाला मात्र कास्काव्हेल जवळ पडते. फ्लिक-आं-फ्लाकपासून पाचेक किलोमीटर, आणि मराठी वस्तीचे जुने गाव. हॉटेलच्या स्वागतकक्षापेक्षा हॉटेलातल्याच एखाद्या मराठी आडनावाच्या कर्मचाऱ्याला विचारा. कुठल्या देवळात आरती किती वाजता, विसर्जनाची मिरवणूक कुठून कुठे, हे त्याला नेमके ठाऊक असते. मिरवणुकीत झाकरी नाचतात, म्हणजे आपली कोकणातली जाखडी. ती चुकवू नका.

देवळात किंवा मंडळात गेलात तर खाणे विकत मिळणार नाही. प्रसाद आणि जेवण वाढले जाते. म्हणून रीत पाळायची. चपला बाहेर, गुडघे झाकणारे कपडे, आणि समुद्रावरून थेट ओल्या कपड्यांत जायचे नाही. रिकाम्या हाताने जाऊ नका, पण भारतातून दुर्वा, तुळस, नारळ, फळे असले काही घेऊनही जाऊ नका. ताजा वनस्पतिजन्य माल परवान्याशिवाय विमानतळावर काढून घेतला जातो. तिथल्याच बाजारातून फळे घ्या, आणि दानपेटीत शंभर-दोनशे रुपये टाका. जेवण सगळ्या भक्तांचे झाल्यावर पाहुण्यांना वाढतील असे समजू नका, उलट पहिल्या पंगतीत बसवतात. आग्रह झाला तर बसावे, आणि पानात टाकू नये. घरच्या गणपतीला बोलावले तर जरूर जा, मात्र पाच जण जेवायलाच येणार आहोत असे गृहीत धरून नव्हे. दर्शन, मोदक किंवा जो गोड पदार्थ असेल तो, चहा, आणि निघायचे.

भाषेबद्दल एक सूचना. मराठी तिथल्या शाळांत शिकवली जाते आणि वडीलधारी मंडळी ती समजतात, पण घराघरांत रोजची बोली क्रिओल आहे, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली स्थानिक भाषा. मराठीत उत्तर आले नाही तर नवल वाटून घेऊ नका आणि ‘तुम्ही कसले मराठी’ असे चुकूनही बोलू नका. नमस्कार मराठीत करावा आणि पुढे जे जमेल ते बोलावे.

देवळातल्या जेवणाचा बेटभर एक ठरलेला साचा आहे: सेत कारी, म्हणजे सात भाज्या, केळीच्या पानावर. भाताबरोबर कच्च्या फणसाची भाजी, कच्च्या केळ्याची, तांबड्या भोपळ्याची, वांग्याची, मोठ्या पावट्यासारख्या ग्रो पवाची, एखादी पालेभाजी, पातळ रस्सों (हे मुळात रसम), चटणी, लोणचे. यादी घराप्रमाणे, समाजाप्रमाणे बदलते आणि सात हा आकडा काटेकोर नसतो. उत्तर भारतीय पद्धतीच्या लग्नात भाताऐवजी लहान पुऱ्या येतात, त्यांना ‘ती पुरी’ म्हणतात (क्रिओलमध्ये ‘ती’ म्हणजे लहान). तमिळ समाजाच्या कावडी या सणाच्या दिवशीही कोविलात, म्हणजे त्यांच्या देवळात, हेच जेवण असते. तुमच्या आई-वडिलांसाठी संपूर्ण बेटावर याहून निर्धास्त जेवण नाही: अंडे नाही, मासा नाही, स्वयंपाकाची भांडी वेगळी. फक्त वाढपी भराभर वाढत जातो, तेव्हा मिरचीची चटणी पानाच्या कडेला मागून घ्या. भाजीवर पडली की आटोपले.

सुट्टीच्या दिवशी, म्हणजे विसर्जनाला, बरीच दुकाने आणि गाड्या बंद राहतात. त्या दिवसाचे दुपारचे जेवण हॉटेलात किंवा आदल्या दिवशी ठरवलेल्या जागी. बाकीच्या दिवसांसाठी बाजारांचे वार लक्षात ठेवा, कारण तिथे आठवडी बाजार हीच खाण्याची खरी जत्रा.

पोर्ट लुईचा मध्यवर्ती बाजार सोमवार ते शनिवार पूर्ण भरतो, रविवारी दुपारपर्यंतच. आणि रविवार दुपारनंतर ते शहर ओस पडते. काट्र बोर्नला भाजीचा बाजार बुधवारी आणि शनिवारी, कपड्यांचा गुरुवारी आणि रविवारी; खाण्याच्या गाड्या चारही दिवस. पूर्वेला फ्लाकचा मोठा बाजार बुधवार आणि रविवार. (हे फ्लाक आणि तुमचे फ्लिक-आं-फ्लाक यांत बेटाची अख्खी रुंदी आहे, टॅक्सीत नाव नीट सांगा.) आग्नेयेला माएबुरचा सोमवारचा बाजार. तुम्हाला सोयीचा काट्र बोर्न. फ्लिक-आं-फ्लाकहून थेट बस आहे, आणि तिथून मेट्रोने रोझ हिल, पोर्ट लुई किंवा क्युरपीप गाठता येते. माएबुरला गेलात तर कसाव्याच्या कंदाची बिस्किटे करणारा जुना कारखाना पाहा. १८७० पासून चालू आहे, आणि उसाच्या वाळलेल्या पाचटाच्या आचेवर तव्यावर भाजलेली बिस्किटे चहाबरोबर देतात. साबुदाणाही याच कंदाचा, त्यामुळे ती उपासाला चालतील का यावर आई-वडिलांत चर्चा होऊ शकते.

आता डोलपुरी. बेटावर एकच पदार्थ खायचा असेल तर हा. पुरणपोळीतून गूळ काढून जिरे-हळद-मीठ घातले तर जे होईल ते, फक्त तिच्याहून पातळ आणि मऊ. बिहारी भोजपुरी मजुरांबरोबर आलेली डाळपुरी तिथे अशी स्थिरावली. पिवळी डाळ हळद घालून बोटचेपी शिजवतात, पाणी निथळून कोरडी वाटतात, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालतात. डाळीचे तेच पाणी वापरून मैदा भिजवतात. पोळी पिवळसर आणि लवचिक होते ती त्यामुळे. भरून, लाटून, तेल लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी, डाग पडायच्या आत काढायची. डाळ जास्त शिजली की लाटताना पोळी फुटते, मग विक्रेते मैद्याचे आवरण जाड ठेवतात. म्हणून खाण्याआधी एक नजर टाका: उजेडात धरली तर डाळ कडेपर्यंत पसरलेली दिसली पाहिजे आणि कडा वाळलेली नसावी. कडेला नुसता मैदा असलेली पोळी चिवट लागते.

ती नेहमी जोडीने विकली जाते. ‘एन पेर’ म्हटले की दोन पोळ्या एकावर एक, मधे ग्रो पवाची रस्सा-भाजी, टोमॅटोचे रुगाय (दाट रस्सा), कोथिंबिरीची चटणी, थोडे लोणचे, आणि वर वाटलेली मिरची; कागदात गुंडाळून हातात. एका माणसाला एक जोडी म्हणजे भरपेट नाश्ता, दोन जोड्या म्हणजे जेवण. मुलीला एकच पुरेल. विकणारा विलक्षण वेगाने भरतो आणि मिरची शेवटी घालतो, म्हणून ऑर्डर देतानाच ‘सां पिमां’ (मिरची नको) किंवा ‘तिगीत पिमां’ (जराशी) म्हणायचे, नंतर नाही. मिरची लहान दिसते, लवंगीसारखी झोंबते. गुंडाळलेली डोलपुरी दहा मिनिटांत खायची. पिशवीत घालून समुद्रावर नेऊन खाऊ असे केले की रुगायचे पाणी सुटते, कागद विरघळतो आणि खालची पोळी लगदा होते. नेणे भागच असेल तर कोरड्या पोळ्या आणि भाजी-चटण्या वेगळ्या बांधून मागा.

रोझ हिलला देवा नावाचे जुने आणि प्रसिद्ध दुकान आहे, तिथे रांग असते पण ती झरझर सरकते. तरी फक्त नावाच्या मागे लागू नका. बाजारात ज्या पेटीसमोर बँकेचे कारकून, शाळेची मुले आणि टॅक्सीवाले एकत्र उभे आहेत तिथे माल सतत नवा येत असतो. शेजारीच फराता मिळतो, म्हणजे आपला पदर सुटलेला पराठा. भाज्या त्याच. मुलीला बहुधा तोच जास्त आवडेल.

डोलपुरीच्या गाडीवरच्या मूळ भाज्या शाकाहारी असतात, पण अलीकडे काही ठिकाणी चिकन किंवा खाऱ्या माशाचे रुगायही ठेवतात. पातेली शेजारी-शेजारी, डाव कधी कधी तोच. आई-वडिलांना हे चालणार नसेल तर अशी गाडी सोडून द्या. पुढे दुसरी असतेच.

गातो पिमां म्हणजे भिजवलेली डाळ जाडसर वाटून, कांद्याची पात, कोथिंबीर, जिरे, हिरवी मिरची घालून तळलेले छोटे वडे. नाव मिरचीचे असले तरी फार तिखट नसतात. गोल पावाला लोणी लावून आत पाच-सहा वडे चिरडून भरतात. सकाळी नऊच्या आत खाल्ले तर मुंबईकराला वडापाव आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच काचेच्या पेटीत वांग्याच्या, बटाट्याच्या, पावाच्या भजी असतात, अळूच्या कंदाचे गोडसर आले घातलेले गातो आरुय असतात, आणि सामोसेही. सामोशात बटाटा, चिकन, मासा यांपैकी काहीही असू शकते आणि बाहेरून ओळखता येत नाही. कढईही बहुतेक ठिकाणी एकच. कढईचा विटाळ मानणाऱ्यांनी फक्त वडे-भजी करणारी गाडी पाहावी. कढईत तळण चालू असेल तर थांबून गरम घ्या, थंड वडे तेलकट आणि दगडासारखे होतात.

शाकाहाराची खरी अडचण चिनी पदार्थांत आहे, आणि मॉरिशसच्या कुठल्याही जत्रेत, शाळेच्या किंवा चर्चच्या ‘फॅन्सी फेअर’मध्ये अर्ध्या गाड्या चिनी पदार्थांच्याच असतात. तिथे पदार्थाच्या नावावर विसंबू नका. रस्सा, सॉस आणि गोळ्यातला मसाला कशाचा आहे ते विचारा. मिन फ्रीर म्हणजे परतलेल्या शेवया; ‘व्हेज’ मागितले तरी अंडे पडतेच, आणि काळपट चकाकी बहुतेक वेळा ऑयस्टर सॉसची असते. बुलेत म्हणजे उकडलेले गोळे, नगावर मिळतात, वाडग्यात गरम रस्सा ओतून देतात. त्यातला न्युक येन हा शुशुचा, म्हणजे चायोत नावाच्या दुधीच्या जातीतल्या फळाचा. तो हिरवट, निरागस दिसतो, पण आत कोळंबी किंवा सुकट असते. टोफूच्या गोळ्यात मासा भरलेला असतो. आणि गोळा शुद्ध असला तरी रस्सा कोंबडीचा किंवा माशाच्या काट्यांचा. थोडक्यात, आई-वडिलांनी बुलेतच्या गाडीवर थांबू नये. तुम्ही दोघे मात्र जरूर खा. सहा ते आठ नग एका माणसाला पुरतात, दोन-दोन प्रकारचे घ्या, वर लसणाचे पाणी आणि मिरची स्वतः घालून घ्या. रस्सा उकळत नसेल, कोमट असेल, तर मात्र नको.

‘मी शाकाहारी’ एवढे सांगून तिथे भागत नाही. मासा, अंडे, कोळंबी हे अनेकांच्या हिशेबी मांसात येत नाही. त्यापेक्षा एक शब्द कामाचा: कारेम. मूळ ख्रिस्ती उपासाचा हा शब्द तिथले हिंदूही व्रतासाठी वापरतात, आणि व्रतात मांस-मासे-अंडे सगळेच वर्ज्य. ‘मो पे फेर कारेम’ (माझे व्रत चालू आहे) म्हटले की विकणारा स्वतःच सांगतो, हे चालेल, ते नको. याच्या जोडीला ‘एना लाव्यान लादां?’ (यात मांस आहे का?) आणि ‘सां दिझेफ, सां क्रेवेत’ (अंडे नको, कोळंबी नको). गोमांस वर्ज्य असलेल्यांनी ‘बेफ’ हा शब्द ओळखून ठेवावा. बिर्याणी, रुगाय, सामोसे यांत तो उघडपणे वापरतात आणि फळ्यावर तसे लिहिलेले असते. हलीम तिथे मांसाचे दाट सूप असते, डाळ दिसते म्हणून फसू नका. बिर्याणी, तिला ब्रियानी म्हणतात, मोठ्या बटाट्यांच्या फोडी घालून डेगेत करतात आणि चांगली असते. भाज्यांची हवी असेल तर वेगळ्या डेगेत आहे का ते विचारून घ्या, नाहीतर त्याच डेगेतला भात मांस बाजूला सारून वाढतात.

मासे खाणाऱ्यांसाठी: ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ऑक्टोपस, म्हणजे तिथले उरीत, धरायला बंदी असते, प्रजननाला वाव मिळावा म्हणून. तुमच्या दिवसांत कोणी ‘आजच धरलेले ताजे उरीत’ म्हणून विकत असेल तर तो एकतर गोठवलेला माल आहे किंवा बेकायदेशीर. न घेतलेले बरे. त्याऐवजी माशाचे विंदाय खा. माशाचे तुकडे तळून मोहरी, हळद, लसूण, कांदा आणि व्हिनेगर यांत मुरवतात. हा गोव्याच्या विंदालूचा भाऊबंद, दोन्हींचे मूळ पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणात मुरवलेल्या मांसात. पण चव अगदी वेगळी, कासुंदीकडे, म्हणजे बंगाली मोहरीच्या चटणीकडे, झुकणारी. व्हिनेगरमुळे हा पदार्थ जत्रेच्या उघड्या टेबलावरही टिकतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो. पावात भरून घ्या. भाजलेली कोळंबी, मेयोनेझ घातलेली सॅलडे हे मात्र उन्हातल्या टेबलावरचे कधीच नाही.

गोड आणि गार: आलुदा. दूध, भिजवलेला सब्जा, अगर-अगरच्या जेलीचे धागे, व्हॅनिला किंवा बदामाचा अर्क, कधी वर आइस्क्रीमचा गोळा. आपल्या फालुद्याचाच अवतार. अगर समुद्री शेवाळाचे, त्यामुळे शाकाहाऱ्यांना अडचण नाही; एखादा जिलेटिन वापरत असेल तर विचारून घ्यावे. पोर्ट लुईच्या बाजारातल्या पिल्लेच्या गाड्यावरचे नाव मोठे आहे आणि तिथे खप इतका की दूध उभे राहत नाही. लहान गाडीवर घेताना बर्फ कुठून आला ते पाहा. नळाचे पाणी तिथे शुद्ध केलेले असते, पण मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस बर्फ आणि चटण्या टाळलेल्या बऱ्या. अननस छोटा, गोड, देठाला धरून खाता येईल असा नागमोडी कापून देतात, वर चिंच-मिरची-मीठ. मुलीला ते वेगळ्या पुडीत द्यायला सांगा.

शनिवारी पोर्ट लुईत असाल तर शां-द-मार्सच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती असतात का ते पाहा. १८१२ पासूनचे मैदान आहे. हंगामात भोवती उकडलेल्या शेंगांपासून डोलपुरीपर्यंत सगळे मिळते, आणि सट्ट्याकडे पाठ करून नुसते खायलाही लोक येतात. गर्दी मात्र दाट, आजी-आजोबांना मुख्य शर्यतीच्या आधीच आत-बाहेर करून घ्या.

तारखा बदलता येत असतील तर दोन पर्याय सांगतो. जानेवारी-फेब्रुवारीत कावडी आणि चिनी नववर्ष येते. चिनी नववर्षाला चिकट तांदळाचा आणि साखरेचा गातो लासीर वाटतात. पाठोपाठ महाशिवरात्र. तेव्हा गंगा तलावाकडे चालत जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी रस्त्याच्या कडेला लोक मांडव घालून फळे, सरबत, चहा, जेवण फुकट देतात. ते चालणाऱ्यांचे आहे. गाडीतून उतरून हात पुढे करायचा नाही, बरोबर दोन-तीन किलोमीटर चालावे आणि मग घ्यावे. पण हा चक्रीवादळांचा काळ. इशारे वर्ग १ ते ४ असे असतात, आणि वर्ग ३ लागला की बससकट सगळे बंद होते. हॉटेलात सुके खाणे ठेवलेले असू द्या. दुसरा पर्याय दिवाळीचा: रताळ्याच्या पारीत नारळ भरून तळलेले गातो पातात घरोघरी वाटतात, आणि त्रिओलेसारख्या गावांत दिव्यांची आरास पाहायला बेट लोटते. तुमच्या सप्टेंबरला मात्र हवा सगळ्यात भरवशाची.

पैसे. गाड्यांवर रोख. मॉरिशसचा एक रुपया साधारण पावणेदोन ते दोन भारतीय रुपयांचा, आणि भारतीय नोटा चालत नाहीत. १००० आणि २००० च्या नोटा एटीएममधून मिळतात. त्या सुपरमार्केटमध्ये मोडा आणि २५, ५०, १०० च्या नोटा व १०-२० ची नाणी वेगळ्या खिशात ठेवा. गर्दीच्या वेळी डोलपुरीवाला मोठी नोट परत देतो, रागाने नव्हे, सुट्टे मोजायला त्याला उसंत नसते म्हणून. गाडीवर ‘ज्यूस’ अशी पाटी आणि क्यूआर कोड दिसला तर ते फळांच्या रसाचे नाही, तिथल्या बँकेचे पैसे देण्याचे अ‍ॅप आहे, आणि त्याला स्थानिक खाते लागते. भारतीय यूपीआय १२ फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये सुरू झाले आहे, पण ते दुकानांसाठी धरा; बाजारातल्या पेटीसमोर त्याच्या भरवशावर उभे राहू नका. घासाघीस कपड्यांच्या बाजारात करायची, खाण्याच्या गाडीवर नाही.

दिवस कसा लावायचा याचा एक नमुना देतो, शनिवारचा. साडेनऊला फ्लिक-आं-फ्लाकहून बसने काट्र बोर्न. बाजारात आधी फळे पाहून घ्या, पण खरेदी परतताना. साडेदहाला गातो पिमां-पाव, माणशी एकच. मेट्रोने रोझ हिल, बाराच्या आत डोलपुरी. आई-वडिलांना इथेच पोटभर खाऊ द्या, कारण दिवसातले त्यांचे सगळ्यात सोपे जेवण हेच. मग पोर्ट लुई, बाजारात आलुदा आणि अननस. चारच्या सुमाराला चायनाटाउनमध्ये तुम्हा दोघांचे बुलेत, तोवर आजी-आजोबा आणि नात कोदां धक्क्यावर बसतील. पदार्थ कितीही लहान असला तरी पाचही जणांनी आधी एकच मागवून वाटून चाखायचा आणि मग पुन्हा घ्यायचा. नाहीतर अकरा वाजताच पोटे भरतात आणि उरलेला दिवस नुसता बघण्यात जातो.

परतीचे आधी ठरवा. गावांकडच्या बसगाड्या संध्याकाळी सहानंतर विरळ होतात आणि आठच्या पुढे भरवसा नाही. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी त्याहून आधी. विसर्जनाच्या दिवशी मिरवणुकीमुळे किनाऱ्याचा रस्ता तासभर तुंबतो. सकाळी ज्या टॅक्सीने जाल त्याच चालकाशी परतीचा भाव आणि वेळ ठरवून त्याचा नंबर घ्या, आणि भाव माणशी की गाडीचा, हे निघण्याआधी स्पष्ट विचारा. गाडी स्वतः चालवणार असाल तर वाहतूक आपल्यासारखी डावीकडूनच आहे, पण उसाच्या शेतांमधले रस्ते रात्री पूर्ण अंधारे असतात आणि मिरवणुकीहून परतणारे लोक कडेने चालत असतात.